बामणोलीच्या दादांना, त्या निळ्या खुर्चीबद्दल

दादा, नमस्कार.

बामणोलीला, कोयना धरणाच्या शिवसागर तलावाकाठी तुमच्या तंबूत राहून कोल्हापूरला परत येऊन आठ दिवस झाले. फोनवर थँक्यू म्हणाले पण मनासारखं झालं नाही, म्हणून लिहायला बसलेय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

आधी गेल्या वर्षीचं सांगते. मे महिन्यात पोरांच्या सुट्टीत आम्ही दुसऱ्या एका तलावाकाठी कॅम्पिंगचं बुकिंग केलेलं, अर्धे पैसे त्यांनी आधीच घेतले. आमच्या सासूबाईंचे, म्हणजे आईंचे, गुडघे गेलेत, त्यांना उतार जमत नाही हे मी फोनवर तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा "हो मॅडम, सगळं लेव्हल आहे" हेच ऐकलं. जाऊन बघतोय तर गाडी वर आणि तंबू पार खाली, मधे सगळी मुरमाची घसरण. तिथला मॅनेजर मोबाईलमधनं मान वर न काढता म्हणाला, "आजींना गाडीत बसू दे की." आई बसल्या, रात्री नऊपर्यंत गाडीतच बसल्या. आम्ही आळीपाळीनं वर जाऊन त्यांच्याजवळ थांबलो आणि शेवटी सामान भरून घरी आलो. वाटेत त्या एवढंच बोलल्या, "पुढच्या वेळी मला घरात सोडून जावा, तुमच्या पायात माझी बेडी नको." पैसे गेले ते गेले, पण हे वाक्य वर्षभर माझ्या कानातनं गेलं नाही.

तुम्हाला पहिला फोन केला तो पण मे महिन्यासाठीच. तुम्ही सरळ नाही म्हणालात. "ताई, मे मधे पाणी लांब गेलेलं असतंय, काठाला चिखल आणि भेगा, पोरांचा हिरमोड होईल, जानेवारीत या." हातात आलेलं गिऱ्हाईक कोण असं परत पाठवतं? कोयना किती भरली, १०५ टीएमसी म्हणजे काठोकाठ झाली का, हे आम्ही दर पावसाळ्यात पेपरात बघतो, पण तेच शिवसागरचं पाणी उन्हाळ्यात एवढं मागं सरतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं. आणि मग मी काही बोलायच्या आधी तुम्हीच विचारलंत, "सोबत म्हातारं माणूस हाय का कोण?"

दुसऱ्या दिवशी तुमचा व्हॉइस मेसेज आला तो मी अजून डिलीट केलेला नाही. "ताई, गाडीपासनं तंबूपर्यंत ११२ पावलं आहेत. माझ्या आईला चालवून मोजली, तिचे पण गुडघे तसलेच. मधे ९ पायऱ्या आहेत, तिथं धरायला बांबू बांधून घेतो." दादा, मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. नंतर तो मेसेज आईंना ऐकवला, त्यांनी परत लावायला सांगितला, आणि मग म्हणाल्या, "स्वेटर काढून ठेव माझा."

बाकी सगळं तुम्ही म्हणालात तसंच केलं. सहाला निघालो, हायवेचं काम चालूय तरी वेळेत साताऱ्यात, पुढं कास करून उजेडात तुमच्याकडं. पोरांना वासोटा किल्ला करायचा होता, पण लाँचनं जाऊन जंगलातनं चढायचं म्हणजे अख्खा दिवस, आजी एकट्या पडतील असं तुम्हीच पोरांना समजावलंत, आमचं तर ती ऐकत नव्हती.

आणि ती खुर्ची. वाटेत मधोमध जांभळाखाली निळी प्लास्टिकची खुर्ची, जमीन तिरकी म्हणून एका पायाखाली चपटा दगड सरकवलेला, वर दवानं गार लागू नये म्हणून पोत्याची घडी. फोनवर खुर्चीचा विषयसुद्धा झाला नव्हता. आई तिथं टेकल्या, समोर सगळं पाणी दिसत होतं, आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही. पुढचे दोन्ही दिवस सकाळचा चहा त्यांनी तिथंच घेतला.

रात्री शेकोटीला तुम्ही अंधारात पाण्याकडं हात करून सांगितलंत की आजोबांची जमीन त्या तिथं खाली आहे, पाणी उतरलं की बांध दिसतात. धरणात घरदार गेलेल्या माणसानं परक्याच्या म्हातारीसाठी पावलं मोजावीत, हे आठवलं की अजून भरून येतं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारखे लोक घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन बाहेर पडायचं धाडस करतात, आणि तसल्या मॅनेजरांनी एकदा तुमच्याकडं येऊन चार दिवस राहावं असं मला मनापासून वाटतं.

वहिनींनी नाचणीचे पापड दिलेला स्टीलचा डबा आमच्याकडंच राहिलाय. कुरियर करते म्हटलं तर आई नको म्हणाल्या, रिकामा डबा कसा पाठवायचा. भडंग भरून त्या स्वतः घेऊन येणार आहेत, पुढच्या जानेवारीची तारीख तेवढी कळवा.

तुमची,
कोल्हापूरची ताई