आमच्या उन्हात जास्त पाणी पिणारा पक्षी

जळगाव,
आखाजीचा दुसरा दिवस

प्रिय दोस्ता,

लेकीच्या वाढदिवसाला काय घ्यावं असं तू विचारलंस, आणि वर "तुझं चष्म्याचं दुकान, तुला काचेतलं कळतं" असं म्हणून सगळं माझ्या गळ्यात टाकलंस. आता भोग. चार ओळींत आटपणार नाही.

आधी काय घेऊ नकोस ते सांगतो. 'अमुक इतके प्रयोग' असं झाकणावर छापलेली मोठी पेटी घेऊ नकोस. प्रत्येक प्रयोगाखाली त्याचं उत्तर छापलेलं असतं, त्यामुळे पोरं एका रविवारी सगळं उरकतात आणि पेटी माळ्यावर जाते. बॅटरीवर नुसतं लुकलुकणारंही नको. तिच्या हाती असं काही दे की कारण कळल्यावरही ते पुन्हा बघावंसं वाटेल. अशी खेळणी आहेत. पण त्यातली बरीचशी थंड देशांत जन्मलेली, आणि आमच्या खान्देशात आणली की भलतीच वागतात. मला खरी गंमत तिथेच सापडली.

पहिला मान पाणी पिणाऱ्या पक्ष्याचा. पाहिला असशील: काचेचा, बुडाला फुगा, मधे नळी, वर चोच आणि डोक्याला मऊ कापड. समोर पाण्याचा पेला ठेवायचा, चोच एकदा भिजवून द्यायची, की हा दिवसभर वाकतो आणि उठतो. किल्ली नाही, सेल नाही. अमेरिकेत माइल्स सलिव्हन यांनी १९४६ साली याचं पेटंट मिळवलं. आत बहुतेक वेळा डायक्लोरोमिथेन नावाचं चटकन उडणारं रसायन असतं. ते साधारण ४० अंशांना उकळतं, म्हणजे आमच्या मे महिन्यात उघड्या वाटीत ठेवलं तर टेबलावरच उकळायला लागेल! बंद काचेत वाफेचा दाब चढलेला असतो म्हणून ते निभावतं.

चालतं असं. डोक्यावरचं पाणी वाळतं, वाळताना डोकं गार करतं. गार डोक्यातली वाफ निवळून द्रव होते, वरचा दाब उतरतो आणि खालचा द्रव नळीतून वर चढतो. डोकं जड झालं की पक्षी वाकतो. वाकला की नळीचं खालचं तोंड उघडं पडतं, वाफ वर जाते, द्रव परत खाली येतो, पक्षी ताठ. तेवढ्यात चोच भिजलेली असते, की पुन्हा तेच. आमचा माठ आणि खिडकीतला कूलर याच न्यायाने चालतात.

आता तुमच्या मुंबईचं बघ. तुमच्याकडे हवाच ओली, डोक्यावरचं पाणी वाळणार कुठे? तिथे तो रेंगाळतो. आमच्याकडे पारा ४३-४४ वर आणि हवा कोरडी ठाक, तेव्हा हा पठ्ठ्या मान वर करतो न करतो तोच पुन्हा पेल्यात. बायको म्हणते, याला जळगाव मानवलं. श्रावणात मात्र तोही सुस्तावतो. आणि ऐन उन्हाळ्यात त्याला कूलरच्या झोतात ठेवलं तर वारा असूनही ढिला पडतो, कारण तो वारा ओला असतो. म्हणून माझं म्हणणं, दोन पक्षी घे. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. एकाच वेळी दोघांनी दहा मिनिटं डुबक्या मोजायच्या आणि फोनवर आकडे सांगायचे. दमटपणा म्हणजे काय हे तिला पुस्तकातून शिकवावं लागणार नाही. एवढंच, की काच फुटू देऊ नका आणि पक्षी उन्हात ठेवू नका. आतला द्रव विषारी आहे.

याच घराण्यातलं दुसरं खेळणं म्हणजे 'हँड बॉयलर'. दोन काचेचे फुगे, मधे नागमोडी नळी, आत रंगीत द्रव. खालचा फुगा मुठीत धरला की हाताच्या उबेने द्रव उसळून वर जातो. बाजारात प्रेम मोजायचं यंत्र म्हणूनही विकतात. मे महिन्यात दुपारी माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं, त्याच्या हाती दिलं. खोली ४२ अंशांवर आणि माणसाचा तळवा त्याहून गार. काही होईना. बिचारा ओशाळला. मग मी त्याला वरचा फुगा धरायला सांगितला. लगेच द्रव वर चढला! हात गरम की गार, हे खोली ठरवते.

गॅलिलिओ थर्मामीटरची तर आमच्याकडे दया येते. उंच नळीत रंगीत गोळे तरंगतात, पारा चढेल तसे एकेक बुडतात. साधारण १८ ते २६ अंशांपर्यंतच मोजायला केलेलं असतं. इथे होळी झाली की सगळे गोळे तळाला जाऊन बसतात आणि डिसेंबरच्या एखाद्या पहाटे त्यातला एक वर डोकावतो. शोभेला बरं, पण पैसे घालवू नकोस.

त्यापेक्षा क्रूक्सची चक्री घे. बल्बसारख्या काचेत चार पातळ पाती, प्रत्येकीची एक बाजू काळी, एक पांढरी. उन्हात ठेवली की गरगर फिरते. विल्यम क्रूक्स यांनी ती १८७३ साली केली. निर्वात तराजूत वजनं करताना ऊब लागली की तराजू हलतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं, त्यातून हे निघालं. आधी वाटलं, प्रकाशच पात्यांना ढकलतो. पण तसं असतं तर प्रकाश परतवणाऱ्या पांढऱ्या बाजूला जास्त धक्का बसून ती मागे हटली असती. प्रत्यक्षात काळी बाजू मागे हटते. बल्बमधली हवा पूर्ण काढलेली नसते, थोडी उरलेली असते. काळी बाजू जास्त तापते आणि पात्याच्या कडांशी ती विरळ हवा थंडाकडून उष्णाकडे सरकते, तिच्या प्रतिक्रियेने पातं उलट दिशेला ढकललं जातं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८७९ मध्ये हे मांडलं.

आणि खान्देशी कसोटी ही: भर दुपारी दारं-खिडक्या लावून अंधाऱ्या खोलीत ठेव. ४३ अंश असले तरी चक्री ढिम्म. दोन्ही बाजू सारख्याच तापलेल्या, मग ती फिरणार कशाला? तीच थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली तर उलटी फिरते, कारण काळी बाजू लवकर थंड होते. लेकीला कारण सांगू नकोस. फ्रिजचं दार उघडायला तिलाच सांग.

माझ्या धंद्यातलं एक फुकट सांगतो. पोलराइज्ड गॉगल (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश आत सोडणारा) घाल, मोबाइलचा पडदा समोर धर आणि फोन फिरव. एका ठरावीक कोनात पडदा काळा पडतो (काही फोनवर नाही पडत, तेव्हा कॅल्क्युलेटर घे). आता एका काचपट्टीवर पारदर्शक चिकटपट्टी आडवीतिडवी लावून पडदा आणि गॉगल यांच्या मधे धर. पट्टीवर गुलाबी, हिरवे, निळे रंग उठतात, थर वाढतील तसे बदलतात. शाळेच्या प्लॅस्टिकच्या फुटपट्टीतही दिसतात, घडताना तिच्या आत राहिलेला ताण असा रंगांत उमटतो. संध्याकाळी गर्दी नसली की मी गिऱ्हाइकांना हे दाखवत बसतो, आणि गॉगल विकायचा राहून जातो.

कागदी ड्रॅगन तर छपाईच्या खर्चात होतो. गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांच्या सन्मानार्थ भरणाऱ्या मेळाव्यासाठी काढलेला हा नमुना. घडी घातली की ड्रॅगनचं तोंड आत वळलेलं, म्हणजे पोकळ असतं, पण एक डोळा मिटून चाललं की तो मान वळवून तुमच्याकडेच बघत राहतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून हमखास जमतं, कॅमेऱ्याला एकच डोळा. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस याच एका डोळ्यावर खेळले. टेबलावर साध्या वस्तू मांडून असे फोटो काढले की बघणाऱ्याला मोठा देखावाच वाटावा. त्यांचं घर आता संग्रहालय आहे.

भोवऱ्यांतलं एकच सांगतो, 'रॅटलबॅक'. होडीच्या आकाराचा तुकडा. एका बाजूला फिरवला तर नीट फिरतो, दुसरीकडे फिरवला तर डगडगतो, थांबतो आणि आपणहून उलटा फिरायला लागतो. यावर १८९६ मध्ये गणित मांडलं गिल्बर्ट वॉकर यांनी. तेच पुढे १९०४ मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि मान्सूनचा अंदाज शोधता शोधता पॅसिफिकच्या एका टोकाला हवेचा दाब चढला की दुसरीकडे उतरतो, ही झोकांडी त्यांनी मांडली. आमच्या कपाशीवाल्यांनी या माणसाला नमस्कार करावा!

कोडं हवं तर बाहेर बघूच नकोस. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. तसा शिलालेखच तिथे सापडला. लीलावतीतलं हे तिला घाल: ९ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. २७ हातांवरून साप बिळाकडे येतोय. मोर तिरपी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? उत्तर पूर्णांकात येतं, लिहीत नाही. तूही कर, आठवीत तुला पायथागोरस जमत नव्हता.

१११४ साली जन्मलेल्या त्याच आचार्यांनी, आपल्या सिद्धान्तशिरोमणी या ग्रंथात, पोकळ आऱ्यांत पारा भरलेलं आपोआप फिरणारं चाकही लिहून ठेवलंय. ते फिरत नाही. पक्ष्याला ओलं डोकं आणि कोरडी हवा आहे, चक्रीला काळी-पांढरी बाजू आहे. या चाकाला ऊर्जा पुरवणारं काहीच नाही. पारा एका बाजूला जितका ओढतो, तितकंच दुसरी बाजू अडवते. मात्र पुठ्ठ्याचं चाक करून, पाऱ्याऐवजी कप्प्यांत गोट्या घालून लेकीला ते करू दे. दोन-तीन दिवस तरी तिला वाटेल की जरा कप्पे वाकवले की फिरेल. वाटू दे.

सुट्टीत सगळे या. तिकीट चाळीसगावचं काढा, मी तिथेच येतो. मूस यांचं घर आणि पाटण बघून संध्याकाळच्या गाडीने जळगाव. पक्षी हातसामानात आण, दोन कपड्यांत गुंडाळून. भरताचा हट्ट करू नकोस, ती वांगी हिवाळ्यातच. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी नक्की. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
चष्मेवाला