चित्रकार होण्यासाठी जामीनदार कुठून आणायचा? केंद्रीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री,
नवी दिल्ली.

सविनय नमस्कार.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने शैक्षणिक कर्जाची पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, तेव्हा पैशाअभावी कोणाचेही उच्चशिक्षण अडणार नाही असे सांगण्यात आले होते. त्या भरवशावर मी मुलीच्या चार वर्षांच्या बीएफए (ललित कलेची पदवी) प्रवेशासाठी सहा लाखांच्या कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत गेले. साहेबांनी तिच्या चित्रांची फाईल उघडलीच नाही. फाईलवरच चहाचा कप ठेवून ‘प्लेसमेंट कितीची मिळते?’ एवढेच विचारले. महाविद्यालय योजनेच्या निवडक संस्थांच्या यादीत नाही, तेव्हा सरकारी नोकरीतला जामीनदार आणा, असे सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावले.

ही यादी एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीवरून ठरते आणि त्या क्रमवारीत अभियांत्रिकी, औषधनिर्माण, अगदी दंतवैद्यकालाही स्वतंत्र विभाग आहे. ललित कलेला मात्र नाही. योजनेतली तीन टक्के व्याजसवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच आणि त्यातही प्राधान्य तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांना. मग राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधले कलेचे गोडवे कोणासाठी गायले आहेत?

रात्री वहीत हिशेब मांडला. साडेदहा टक्के दराने शिक्षण आणि त्यानंतरचे बिनहप्त्याचे सवलतीचे वर्ष संपेपर्यंत व्याजच दोन लाखांवर जाते, पुढे दहा वर्षे दरमहा अकरा हजारांचा हप्ता. तो आकडा पाहून मुलगी म्हणाली, ‘आई, मी बीसीए करते, कॉम्प्युटरची पदवी.’ तिच्या वडिलांना सुटल्यासारखे वाटले. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि ज्या मुलीने दहावीची सुट्टी भिंती रंगवून रंगांचे पैसे जमवण्यात घालवली, तिला हे शहाणपण आम्ही शिकवले याची शरम अजून जात नाही.

नोकरीचे म्हणाल, तर शिक्षणहक्क कायदा सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुले असतील तरच कलाशिक्षक मागतो, तोही अर्धवेळ. त्या मानधनातून हप्ता भरायचा, आणि बँकांनी दहा वर्षांत सोळा लाख कोटींहून अधिक कर्जे निर्लेखित केल्याची, म्हणजे हिशेबाच्या वहीतून काढून टाकल्याची बातमी वाचून गप्प बसायचे. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, हे सरकारचे उत्तर मला पाठ आहे. त्या कर्जदारांना प्लेसमेंट विचारली होती का, तेवढे कळवावे.

योजनेतील प्राधान्याचे ते वाक्य काढावे, ललित कलेला क्रमवारीत विभाग द्यावा आणि नकार लेखी देण्याचे बँकांना बजावावे. बीसीएच्या प्रवेशाचे शुल्क आम्हाला सोमवारी भरायचे आहे.

आपली,
एक पालक, सांगली जिल्हा