लेडीज डब्यातल्या काकूंना, मिसळणाच्या डब्यासाठी

काकू,

तुम्ही रत्नागिरीला गेल्यापासून फोनवर आभार मानायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तुम्ही "अगं पुरे" म्हणून विषय आंब्यावर नेलात. म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय, थांबवा बघू कसं थांबवताय ते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मी डोंबिवलीची, मराठी मीडियमची, एलएलबी करून फोर्टातल्या एका वकिलांच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून लागलेली. काकू एका इंग्रजी पेपरात कित्येक वर्षं प्रूफरीडर होत्या, रिटायर झाल्यावरही आठवड्यातून चार दिवस कुठल्यातरी प्रकाशकाकडे जायच्या. आमची ओळख संध्याकाळच्या परतीच्या फास्टमध्ये, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून झालेली.

त्या दिवशी मी रडवेली होते. सीनियरनी माझ्या ड्राफ्टचं कौतुक केलं होतं, आणि मी इंग्रजी सुधारायचं मनावर घेतलेली बाई, मेल टाकला की तुमच्या 'फुलसम प्रेज'बद्दल थँक्यू, तोही सगळ्यांना सीसीत ठेवून. मला वाटलं फुल म्हणजे भरलेलं, फुलसम म्हणजे भरभरून. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी डिक्शनरीचा स्क्रीनशॉट टाकला. मी सीनियरला लिहिलं होतं की तुमच्या तोंडदेखल्या, किळस येईल इतक्या गोड स्तुतीबद्दल धन्यवाद!

तुम्ही मटार सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, "श्रीखंड वाढतायत. पहिली वाटी छान, दुसरी पण छान. पाचवीला मळमळतं ना? ते फुलसम." मग म्हणालात की फार पूर्वी त्याचा अर्थ खरंच भरपूर असाच होता, आजही काही लोक त्या अर्थाने वापरतात, म्हणजे तू अगदीच अडाणी नाहीस, पण जो शब्द वाचून समोरचा अडखळेल तो मेलमध्ये घालायचा कशाला. आणि मटाराची पिशवी माझ्याकडे सरकवलीत, घे, सोल, हात रिकामे नकोत.

तोवर माझी पद्धत म्हणजे एक पीडीएफ होती, रोज पन्नास शब्द पाठ. त्यात लोक्वेशस, गॅर्युलस, व्हर्बोस, तिन्हीपुढे मी 'बडबड्या' लिहून मोकळी झालेले. तुम्ही ती वही बघितलीत आणि विचारलंत, "मराठीत बोलका, वाचाळ, पाल्हाळिक हे सगळे एकच का गं? जा, तुझ्या सासूला वाचाळ म्हणून बघ." (मी नाही बघितलं.) मग ठाणे ते डोंबिवली तेवढंच चाललं होतं, की लोक्वेशस माणूस नुसता खूप बोलतो, गॅर्युलस भलत्याच गोष्टींचं चऱ्हाट लावतो आणि व्हर्बोस बहुतेक वेळा लिहिण्याबोलण्याच्या शैलीला म्हणतात, तुमच्या वकिलांचे कागद असतात तसं शब्दबंबाळ.

मला खरं वळण लागलं ते तुम्ही मटणाची गोष्ट सांगितलीत तेव्हा. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर पुष्कळ काळ दरबारात आणि कोर्टात फ्रेंच आणि शेतात इंग्रजी. त्यामुळे कुरणातली मेंढी इंग्रजीच राहिली, शीप, पण साहेबांच्या ताटात आली की फ्रेंच, मटन, आणि तेच पुढे आपल्याकडे येऊन रविवारचं मटण झालं. त्यावर लॅटिनचा थर वेगळाच. म्हणून आस्क हा घरचा शब्द, क्वेश्चन फ्रेंचांकडून आलेला आणि इंटरोगेट थेट लॅटिनचा, पोलिसी थाटाचा. आणि लगेच तुम्ही म्हणालात, अगं आपलंही तेच आहे, पाणी पिते, जल अर्पण करते. स्टेशनवर रोज ऐकतोस ना 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', घरी कुणी कुणाला दिलगीर म्हणतं का? (तुम्ही मला मधेच 'ऐकतोस' म्हणायचात, लाडात आलात की.)

मी इतकी वर्षं समजत होते की ते फॉर्मल इंग्रजी कॉन्व्हेंटवाल्यांच्या रक्तात असतं. आणि इथे कळलं की कुठला शब्द कुठल्या पंगतीचा हे ओळखायची सवय मला मराठीमुळे आधीच आहे. दुसऱ्या दिवशी ऑफिसात 'लास्ट विल अँड टेस्टामेंट' टाइप करताना मी थबकले, विल जुनं इंग्रजी, टेस्टामेंट लॅटिन, अर्थ जवळपास तोच, म्हणजे हे आपलं धनदौलत झालं की, धन संस्कृत आणि दौलत अरबी-फारसीतून आलेली! बाजारहाट, कागदपत्र, सगळी तीच जोडपी. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही एवढ्या खूश झालात की घाटकोपरला चढलेल्या बाईला पण समजावून सांगायला लागलात, ती बिचारी नुसती जागा मागत होती.

मग एग्रिजस. लॅटिनमध्ये ग्रेक्स म्हणजे कळप. कळपात रमणारा तो ग्रिगेरियस, कळप जमला की काँग्रिगेशन, कळपातून वेगळं काढलं की सेग्रिगेशन, म्हणजे आपला ओला कचरा सुका कचरा. आणि एग्रिजस म्हणजे कळपाबाहेर उठून दिसणारा. आधी हे कौतुक होतं, नंतर उलटं फिरलं, आता एग्रिजस एरर म्हणजे डोळ्यात खुपणारी घोडचूक. एका कळपात मला चार शब्द मिळाले, पीडीएफमध्ये ते चार वेगवेगळ्या पानांवर होते.

आणि डबा. तुमच्या माळ्यावरचा जुना स्टीलचा मिसळणाचा डबा, सात वाट्यांचा. पाच वाट्यांत चिठ्ठ्या, सहावीत कोऱ्या चिठ्ठ्या, सातवीत बडीशेप. चिठ्ठीवर अर्थ लिहायचा नाही, पेपरातलं अख्खं वाक्य लिहायचं, शब्दाच्या जागी रेघ आणि शब्द मागे. पहिली वाटी रोज, दुसरी एक दिवसाआड, तिसरी आठवड्याने, चौथी पंधरवड्याने, पाचवी महिन्याने. आठवला तर पुढच्या वाटीत, चुकला की कितीही पुढे गेलेला असो, परत पहिलीत. पुढे मी वाचलं की एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्ये निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून आपण किती वेळात किती विसरतो ते मोजलं होतं, आणि 1970 च्या दशकात लाइटनर नावाच्या पत्रकाराने चिठ्ठ्यांच्या खोक्याची हीच पद्धत पुस्तकात मांडली. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "त्याच्याकडे हळदीची वाटी होती का?"

एक तक्रार मात्र आहे. फोनवरच्या शब्द पाठ करायच्या अ‍ॅपला तुम्ही नावं ठेवता, मी ते अजून वापरते, कारण गर्दीत डबा उघडला तर चिठ्ठ्या थेट रुळावर. यावर आपलं कधी एकमत होणार नाही, राहू दे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तुमच्या लाल पेनाचा. मी मोठे शब्द शिकले तशी ते सगळीकडे पेरायला लागले होते. तुम्ही माझ्या पत्रातलं कमेन्स कापून स्टार्ट केलंत, युटिलाइज कापून यूज केलंत, आणि मिटिगेटवर पेन आणून थांबलात. "हा राहू दे. नुसतं रिड्यूस म्हटलंस तर आकडा कमी झाला असं वाटेल, इथे झालेल्या नुकसानाची धार कमी करायचीय." तेव्हापासून मी प्रत्येक भारी शब्दाला विचारते की तुला काढलं तर काय जाईल. बरेच निघून जातात.

गेल्या महिन्यात सीनियरनी मला एका नोटिशीचा पहिला ड्राफ्ट एकटीने करायला दिला. परत आला तेव्हा त्यावर फक्त एक कॉमा बदललेला होता. मी थँक्यूचा मेल टाकला, दोन ओळींचा. त्यात एकही विशेषण नव्हतं.

डबा माझ्याकडे आहे, चिठ्ठ्यांना अजून हळदीचा वास येतो, धुवायचा धीर होत नाही. पाचव्या वाटीत आता जागा कमी पडायला लागलीय. फक्त तो मेला 'परफंक्टरी' पहिल्या वाटीतून हलायला तयार नाही, दर वेळी चिठ्ठी उलटायच्या आधी तोंडात पेरिफेरल येतं. गणपतीत इकडे येणार आहात ना, आल्या आल्या आधी तोच विचारा.

तुमची,
मटार सोलणारी