प्रेशर मोजायला शिकवणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपाच्या दिवशी देवळाच्या अग्रशाळेत हार झाले, नारळ झाला, भाषणे झाली. पण आभार नेमके कशाचे, ते कुणी नीट मांडले नाही. ते राहून गेल्याची रुखरुख आहे, म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितो आहोत, कारण तुम्ही जे शिकवले ते गोव्यातल्या फोंड्यातल्याच काय, कुठल्याही वाड्यावरच्या संसारी माणसाला उपयोगी पडेल.

प्रेशरची गोळी डॉक्टर देतात, पण ती किती द्यायची हे ठरते आकड्यावर, आणि आकडा चुकीचा घेतला तर पुढचे सगळेच चुकते. घुमटाला, म्हणजे आरतीत वाजवायच्या मातीच्या वाद्याला, कातडे चढवायला जसे कसब लागते तसेच प्रेशर मोजायलाही लागते, हे तुम्ही आरती पथकाला बसवून सांगितलेत. आज घरोघर मशीन आहे. ते बरोबर चालते आहे, याचे श्रेय तुमचे.

मशीनच्या आत काय चालते ते तुम्ही घुमट पुढ्यात घेऊन समजावले होते. थाप पडली की कातडे थरथरते, आणि डावा तळवा मागच्या तोंडावर ठेवला की नाद बदलतो. मशीनच्या, दंडाला बांधायच्या पट्ट्यातली हवाही अशीच थरथरते. पट्टा फुगला की दंडातली रक्तवाहिनी दबते. हवा सुटत जाते तशी प्रत्येक ठोक्याबरोबर वाहिनी उचलते, पट्ट्याला बारीक कंप देते, आणि मशीन त्या कंपांवरून आकडे काढते. हात हलला, बोलणे झाले, थंडीने अंग शहारले तर तो कंपही मशीन मोजते. "मापताना बोलू नका" हे कुणीही सांगते. का बोलू नये, हे मात्र त्या दिवशी समजले, आणि कारण समजल्यावर सांगावे लागत नाही.

बसण्याचा धडा तर पक्का बसला आहे. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नाही. कुळागरात (पोफळीच्या बागेत) कुदळ मारून किंवा माडांना पाणी घालून आल्या आल्या मापायचे नाही. लघवीला जाऊन यायचे, कारण भरलेल्या मूत्राशयाने आकडा वर जातो. मग पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसायचे. मोबाईलही बाजूला. बाल्कांवातल्या (दारापुढच्या ओसरीतल्या) सोप्यावर ऐसपैस बसून हात मांडीवर टाकायची सगळ्यांनाच सवय. तिथेच तुम्ही फूटपट्टी धरून दाखवलेत: दंड हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा साधारण सात-आठने जास्त येतो. त्यात आजार काहीच नाही, नुसते रक्ताचे वजन. हात टेबलावर, खाली उशी किंवा दुमडलेला टॉवेल, आणि पट्ट्याचा मध्य छातीच्या मध्याशी. एवढ्या साध्या गोष्टीवर एखाद्याची गोळी वाढायची की नाही ते ठरू शकते.

पट्ट्याबद्दल तुम्ही जास्तच आग्रही होता, आणि ते योग्यच होते. शिंप्याची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजायचा. मशीनबरोबर मिळतो तो पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा असतो, माप पट्ट्यावरच छापलेले असते. घेर ३४ असलेल्या माणसाने तो ओढूनताणून बांधला तर प्रेशर आहे त्याहून जास्त दिसते. त्याला मोठा, ३२ ते ४२चा पट्टा वेगळा विकत घ्यावा लागतो. पट्टा उघड्या दंडावर हवा. शर्टाची बाही वर गुंडाळून तिचा घट्ट पिळा झाला तर तोच दंड आवळतो, त्यापेक्षा बाही काढलेली बरी. खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटे वर, नळी आतल्या बाजूने, आणि पट्ट्याखाली एक-दोन बोटे जेमतेम शिरतील इतपत घट्ट. मनगटावरचे मशीन दिसायला सुटसुटीत असते, पण हाताच्या जागेचा जरा फरक पडला की ते चुकते, म्हणून ते घेऊ नका, हे तुम्ही तेव्हाच निक्षून सांगितले होते. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांचे माप घ्यायचे, ज्याचा आकडा जास्त तोच हात कायमचा. दोन्ही हातांत पुन्हा पुन्हा दहा-पंधराहून जास्त फरक येत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायचे.

मशीन मधेच 'एरर' दाखवू लागले की लोक ते बिघडले म्हणून कपाटात टाकतात. पुष्कळदा बॅटरी उतरलेली असते, नाहीतर नळी खाचेत अर्धीच बसलेली असते. वर्षातून एकदा मशीन पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचे, तिथल्या मापाशी ताडून पाहायचे, हा रिवाज तुम्हीच घालून दिलात.

मग वही. डॉक्टरांना दाखवायच्या आधीचा आठवडा सात दिवस मोजायचे: सकाळी उठून लघवी झाल्यावर, गोळीच्या आणि न्याहारीच्या आधी दोनदा, मधे एक मिनिट थांबून, आणि रात्री जेवणाआधी तसेच दोनदा. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी असे रकाने. पहिल्या दिवसाचे चार आकडे सोडून द्यायचे, कारण नव्या नवलाईत ते चढे येतात. उरलेल्या चोवीस आकड्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही जी रेघ असते ती घरच्या मापाला १३५/८५ धरायची. तुमच्यामुळे हे दोन आकडे आता आमच्या बायकामुलांनाही पाठ आहेत. आलेले सगळे आकडे लिहायचे, आवडलेले तेवढे नव्हे, ही तुमची अट सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाची. दवाखान्यात पाय ठेवताच ज्याचे प्रेशर चढते त्याला या वहीमुळे नको ती गोळी लागत नाही. उलट, दवाखान्यात छान आणि घरी चढलेले, अशीही माणसे असतात. ती वहीशिवाय सापडतच नाहीत.

मिठाचा भाग लिहिताना मात्र हात थांबत नाही.

माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर मीठ, हे जागतिक आरोग्य संघटनेचे माप सगळ्यांनी ऐकलेले असते. पण स्वयंपाकघरात पाच ग्रॅम कोण मोजणार? तुम्ही चमचा सोडून पिशवी धरलीत. एक किलोची पिशवी फोडली की तिच्यावर बॉलपेनने तारीख टाकायची. चार माणसांच्या घरात दिवसाला वीस ग्रॅम म्हणजे पिशवी पन्नास दिवस चालली पाहिजे. बाहेरून पोटात जाणारे मीठ (बेकरीचा पाव, फरसाण, पापड) धरले तर दोन महिने. तिसाव्या दिवशी पिशवी रिकामी झाली तर माणशी आठ ग्रॅमवर गेलेच, वाद घालायला जागा नाही. मासळी चोळून धुवायचे मीठ वेगळ्या बरणीत काढा नाहीतर हिशेब बिघडेल, हे तुम्हीच लक्षात आणून दिलेत. मासळी धुणाऱ्या घरातलाच माणूस हे सांगू शकतो.

मग कपाटातल्या बरण्या एकेक करून तुम्ही टेबलावर मांडल्यात. चेपणीची तोरां (मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या), लोणचे, खारे बांगडे, सुके सुंगट (कोळंबी), आगळाची म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची बाटली. आगळ टिकावे म्हणून त्यात मुळातच मीठ भरपूर असते. त्याची सोलकढी करताना वरून चिमूटभर घालायची जी सवय होती, ती तेवढी सोडायला सांगितलीत. सोलकढी बंद करायला सांगितली नाहीत, आणि म्हणूनच सगळ्यांनी ऐकले. खारी मासळी दोन-तीनदा पाणी बदलून भिजवली तर बरेच मीठ निघते, सगळे निघत नाही, म्हणून ती पावसात कधीतरी, रोज नाही. हुमणात (मासळीच्या आमटीत) सोलां, म्हणजे सुकी कोकमे, थोडी वाढवली, तिरफळे ताजी घातली की मीठ कमी झालेले जिभेला फारसे कळत नाही. एकदम निम्मे केले तर जेवणारा ताट सारतो. दर आठवड्याला थोडे थोडे उतरवले तर तीन-चार आठवड्यांत जीभ सरावते, आणि मग बाहेरचेच खारट लागू लागते. आगरवाड्याचे गावठी जाडे मीठ असो की गुलाबी सैंधव, सोडियम जवळपास तेवढेच. गावठी मिठात वरून आयोडीनही मिसळलेले नसते. 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी गोळी चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या या पिशव्यांतला फरक आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितला नव्हता.

गोळ्यांबाबत तुमची शिकवण थोडक्यात होती. आकडे नीट आले म्हणून गोळी सोडायची नाही, ते गोळीमुळेच नीट आलेले असतात. एखाद्या दिवशी राहिली तर आठवण झाल्यावर घ्यायची, पण दुसऱ्या दिवसाची वेळ आलीच असेल तर सोडून द्यायची, दोन एकदम नाहीत. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला येतो. असे झाले तर डॉक्टरांकडे जायचे, ते गोळी बदलून देतात. घुमट गळ्यात अडकवून रात्ररात्र उभे राहिले की कंबर धरते आणि माणूस फार्मसीतून डायक्लोफेनॅक घेऊन येतो. वेदनेच्या अशा गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, प्रेशर चढवतात आणि प्रेशरच्या गोळीचा जोर कमी करतात. सर्दीच्या नाक मोकळे करणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. कंबरेसाठी तुम्ही घुमट अडकवायची पट्टी रुंद करायला सांगितलीत. दोरीऐवजी चार बोटे रुंद सुती पट्टा घातला की भार खांद्यांवर पसरतो.

छंद सोडा, असे तुम्ही एकदाही म्हटले नाही, आणि त्याबद्दल वेगळे आभार मानायलाच हवेत. प्रेशर निघाले की घरचे आधी माणसाचे घुमट बंद करतात. तुम्ही उलटे सांगितलेत: चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी महिनाभर रोज अर्धा तास भरभर चालून दम वाढवा, मग आरत्या म्हणा. दोन आरत्यांच्या मधे पाणी प्या. घुमटावर आणि शामेळावर (साथीच्या ढोलावर) आळीपाळीने हात बदला. तृतीयेच्या उपासाला गोळी घोटभर पाण्याबरोबर चालते, तिने उपास मोडत नाही. जागरणानंतरच्या सकाळचे माप घ्या, पण वहीत शेजारी 'जागरण' असे लिहा. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांतही तसेच: आदल्या रात्रीचा प्याला दुसऱ्या सकाळच्या आकड्यात दिसू शकतो, तो लपवू नका.

पावसाळ्यात घुमटाचे कातडे ओलीने सैल पडते. चुलीपासून हातभर लांब धरून ते हळूहळू शेकावे लागते. घाई केली तर कडेला चिरते. आता घोरपडीचे नाही, बकऱ्याचे कातडे असते, ते जरा जाड, म्हणून वेळही जास्त लागतो. त्या पाच-दहा मिनिटांत कुणीतरी खुर्चीत पाठ टेकून गप्प बसलेला असतो, दंड उघडा, हात उशीवर. कातडे तयार होईपर्यंत त्याचे दोन्ही आकडे वहीत चढलेले असतात.

आणि एक गोष्ट, जिची वेळ कुणावर न येवो. आकडा १८०/१२०च्या वर दिसला तर घाबरून जादा गोळी गिळायची नाही. पाच मिनिटे बसून पुन्हा मापायचे. तेवढाच आला आणि अंगाला बाकी काही होत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, एकाएकी दिसेनासे होणे यातले एक जरी असेल तर पुन्हा मापत बसायचे नाही, सरळ १०८. लकवा कधी सुरू झाला ती वेळ कागदावर लिहून सोबत द्यायची, कारण रक्ताची गाठ विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. दूरच्या वाड्यावरून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पोचायलाच त्यातला किती वेळ जातो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. ती वेळ लिहायला कागद, १०८ हा नंबर आणि चालू गोळ्यांची नावे फ्रिजच्या दारावर चिकटवायची, ही तुमची सूचना प्रत्येक घराने पाळली आहे.

यंदा चवथीला पहिल्या संध्याकाळच्या आरतीला नक्की या. येताना तुमचे जुने, पाऱ्याचे मशीन आणा. घरोघरची सगळी मशिने अग्रशाळेत मांडून ठेवतो, वर्षाचे ताडून पाहायचे राहिले आहे. सोलकढी बिनमिठाच्या सोलांची असेल.

तुमचेच,
वाड्यावरचे आरती पथक आणि घरची सगळी माणसे