शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: गुरू नानकांच्या तसबिरीला हार घालण्याऐवजी नामदेवांचे पद वाचू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गुरू नानक जयंतीला शाळेत काय होते, हे आपल्याला सांगायला नको. टेबलावर तसबीर, तिला झेंडूचा हार, समई, एक भाषण. थोरांच्या जयंतीचा हा साचा इतका पक्का झाला आहे की ज्यांनी याच उपचारांवर बोट ठेवले, त्यांनाही आपण त्यात बसवतो. नानकांच्या (1469–1539) हयातीतले खात्रीचे चित्र उपलब्ध नाही. घरोघरी दिसते ती विसाव्या शतकातले चित्रकार शोभा सिंग यांची कल्पना. दिव्यांबद्दल तर नानकांचे धनासरी रागातले पदच आहे: आकाश हे तबक, सूर्य-चंद्र हे दिवे, तारे हे मोती. नांदेडच्या तख्तावर (शिखांच्या पाच प्रमुख धर्मपीठांपैकी एक) दिव्यांची आरती होते हे खरे, पण ती तिथली जुनी रीत आहे. तिचा दाखला शाळेच्या टेबलाला लागू होत नाही.

महाराष्ट्राजवळ याहून चांगली सामग्री आहे आणि तिच्यासाठी एक पैसाही लागत नाही. पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी 1604 मध्ये आदिग्रंथ (आजच्या गुरू ग्रंथसाहिबचे मूळ रूप) सिद्ध केला, लेखणी भाई गुरदासांची. त्यात आपल्या नामदेवांची 61 पदे आहेत आणि त्यांना गुरूंच्या बाणीइतकाच (पदरचनांइतकाच) मान आहे. राग आसा, अंग 485 (ग्रंथाच्या पानाला अंग म्हणतात) उघडावे. ‘आनीले कुंभ भराईले ऊदक’: देवाला न्हाऊ घालायला घागर भरून आणली, तर त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव. माळ ओवली, तर फुलांचा वास भुंग्याने आधीच घेतलेला. खिरीसाठी दूध आणले, तर ते वासराने उष्टे केलेले. दर वेळी नामदेव म्हणतात, ‘बीठलु भैला, काइ करउ’. विठ्ठल तिथे आधीच आहे, मग मी करू काय? ‘आनीले’, ‘भराईले’ हे सातवीच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. हार घालण्याच्या कार्यक्रमात हे पद वाचले, तर हाराचे काय करायचे ते मुलेच विचारतील.

छपाईत मात्र घोटाळा होतो. मुद्रितशोधक ‘आनीले’चे ‘आणिले’ करतो, ‘बीठलु’चे ‘विठ्ठल’. तसे करू नये. गुरुमुखीत (ग्रंथाच्या लिपीत) शब्दाच्या शेवटी येणारा ऱ्हस्व उकार बहुधा एकवचनी पुल्लिंगी नाम दाखवतो. तो लिहितात, पण सहसा उच्चारत नाहीत. ‘नामु’ लिहावे, ‘नाम’ वाचावे. पाठाखाली ही एक ओळ छापली की शिक्षकाची अडचण संपते.

तारखांचेही पाहावे. नामदेवांची जयंती कार्तिक शुद्ध एकादशीला, नानकांची कार्तिक पौर्णिमेला. मधल्या चार-पाच दिवसांत दोन्ही वाचन सहज बसते. दिवाळीची सुट्टी आड आली तर शाळा उघडल्यावरचा पहिला आठवडा घ्यावा. दहावे गुरू गोबिंदसिंह यांच्या जयंतीची तिथी पौष शुद्ध सप्तमी. ती 2025 मध्ये 6 जानेवारी आणि 27 डिसेंबर अशी दोनदा आली. मागच्या वर्षीची तारीख तशीच उतरवली की चूक ठरलेलीच.

दुसरी गोष्ट पंगतीची. लंगर, म्हणजे गुरुद्वारातली सर्वांसाठीची सामुदायिक पंगत, नानकांपासूनचा; दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगरातल्या तुपाळ खिरीचा उल्लेख ग्रंथातच आहे (अंग 967). तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवालला नेम घातला: आधी पंगत, मग भेट. शाळेत पोषण आहार रोज शिजतोच. त्या दिवशी एवढेच करावे की मुख्याध्यापक, शिक्षक, शिपाई, पाहुणे सगळे मुलांच्याच रांगेत जमिनीवर बसतील, तेच ताट घेतील आणि वाढप आळीपाळीने होईल. पाहुण्यांना खुर्ची आणि वेगळा नाश्ता दिला, तर त्याला लंगर म्हणू नये.

परिपत्रकात आणखी दोन-तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. वेशभूषा स्पर्धेत मुलाला दाढी चिकटवून गुरू करू नये. गुरूंची भूमिका कोणी वठवणे शीख परंपरेला मान्य नाही. गुरू ग्रंथसाहिबची बीड (ग्रंथाची प्रत) प्रदर्शनासाठी शाळेत आणू नये. ती आणायची तर वेगळी खोली, पालखी, चवरी, ग्रंथावर घालायची वस्त्रे (रुमाले), सर्वांची डोकी झाकलेली, पादत्राणे बाहेर आणि सेवेला जाणकार माणूस, एवढे सगळे लागते. वाचनासाठी छापलेले एक पद पुरते. ते फ्लेक्सवर मात्र छापू नका. कार्यक्रम संपला की फ्लेक्स जमिनीवर अंथरला जातो किंवा सायकलींवर टाकला जातो, आणि गुरबाणीच्या बाबतीत ती बेअदबी ठरते. पद फळ्यावर लिहावे, मुलांनी वहीत उतरवून घ्यावे, मग फळा ओल्या फडक्याने पुसावा.

आपले,
गुरुमुखी आणि मराठी संतवाङ्मयाचे काही अभ्यासक