पप्पा, जुगार नाहीये तो, ऐका तरी

ती. पप्पा, ती. आई,
सा. न. आजीला वेगळा नमस्कार, तिच्या दुखऱ्या पायाला हात न लावता.

परवा फोनवर पप्पांनी "घोड्याच्या रेसला जातीस म्हणे" एवढंच विचारलं आणि रेंज गेली. खरं सांगायचं तर रेंज गेली नव्हती, मीच कट केला. बसमध्ये होते आणि तिथं भांडण नको होतं. म्हणून आता बसून सगळं टाईप करतेय, एकदम लांबलचक मेसेज येईल, घाबरू नका. आई, चष्मा लाव आणि आजीला मोठ्यानं वाचून दाखव. शेवटचं लग्नाबिग्नाचं तेवढं वाचू नकोस, नाहीतर ती लगेच रुखवताचं काढेल.

तब्येत ठीक. जेवते. वजन कमी झालेलं नाही, तो फोटो बाजूनं काढलेला होता. नोव्हेंबर लागला की इथं क्राइस्टचर्चला वायव्येकडून कोरडा गरम वारा सुटतो, दिवसभर डोकं धरतं, म्हणून त्या व्हिडिओ कॉलला चेहरा तसा दिसत होता, रडलेली वगैरे नव्हते. लॅबचं काम तेच, मातीची सॅम्पल, ते तुम्हाला पाठ झालंय.

तर घोडे. लॅबची नोकरी सोमवार ते शुक्रवार, आणि शुक्रवारी रात्री मी अ‍ॅडिंग्टन रेसवेवर चार तास जास्तीचं काम करते. हे तुम्हाला विकीकडून कळलं हे चुकलं, मीच सांगायला पाहिजे होतं. पण जुगार मी खेळत नाही. एकदा, काम लागायच्या आधी, मैत्रिणींबरोबर 5 डॉलर लावले होते, गेले, विषय संपला. आता मी स्क्रीनपुढं बसते आणि रेसच्या फिल्मची बटणं दाबते, मागे, पुढे, थांबव, हळू चालव. रात्री परत येताना एक बाई आहेत सोबत काम करणाऱ्या, आईच्या वयाच्या, त्या दारात सोडतात आणि मी आत जाऊन लाईट लावेपर्यंत गाडी हलवत नाहीत. बास?

ही आपल्या महालक्ष्मीच्या रेसकोर्ससारखी पाठीवर बसायची रेस नाही. घोड्यामागं दोन चाकांची हलकी गाडी असते, सल्की म्हणतात, आपल्या शर्यतीच्या छकड्याची गोरी बहीणच म्हणा, त्यात पाय पुढं पसरून ड्रायव्हर बसतो. घोड्यानं चौखूर उधळायचं नाही, ठरलेल्या चालीतच पळायचं. बरेचसे घोडे एका बाजूचे दोन पाय एकदम टाकतात, पप्पा, तुम्ही सारंगखेड्याच्या बाजारातली रेवाल चाल सांगायचा ना, साधारण त्याच अंगानं जाणारी, फक्त जीव खाऊन. चाल मोडली तर ड्रायव्हरनं आवरून परत चालीत आणायचं, तोपर्यंत बाकीचे निघून गेलेले. आणि "मोबाईल स्टार्ट" म्हणजे फोन नाही आई, दोन्ही बाजूंना लांब पंख लावलेली मोटार असते, घोडे त्या पंखांमागं पळत येतात, मग मोटार पंख मिटून पुढं सटकते आणि रेस सुरू. विकीला सांगा, त्याच्या बैलांच्या शर्यतीत झेंडा खाली पडायच्या आधी कोण सुटला म्हणून होतात तसली भांडणं त्यानं निम्मी मिटतात.

उरलेली निम्मी मी बसते त्या खोलीत येतात. आता हे मला सविस्तर सांगू द्या, कारण सुरुवातीला मला दोन महिने यातलं काही म्हणता काही कळलं नव्हतं.

रेस संपली, पहिला कोण ते डोळ्यांना दिसलं, फोटोतही आलं, तरी तो अजून पहिला नसतो. दुसऱ्या नंबरवाला म्हणू शकतो, हा माझ्या आडवा आला, माझा प्रोटेस्ट आहे. लाऊडस्पीकरवर सांगतात, प्रोटेस्ट, दोन नंबरचा एक नंबरवर. झालं, पैसे वाटप थांबतं, सगळे हातातली तिकिटं घेऊन उभे. मग दोघे ड्रायव्हर, ट्रेनर, मालक खोलीत येतात. ड्रायव्हर तसेच आलेले असतात, हेल्मेट काखेत, तोंडावर मातीचे शिंतोडे आणि गॉगल होता तेवढे डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल. मी फिल्म लावते. समोरून, बाजूनं, मागून. समोरची फिल्म सगळ्यात महत्त्वाची, कारण कोण किती सरकला ते बाजूच्या फिल्ममध्ये दिसतच नाही, तिथं सगळे सरळच वाटतात. तक्रारवाला आधी बोलतो, मग दुसरा, दोघांना एकमेकांना प्रश्न विचारता येतात. स्टुअर्ड म्हणजे मैदानावर लक्ष ठेवणारे, ते त्यांना काय दिसलं ते सांगतात, पण निकाल ते देत नाहीत. निकाल द्यायला वेगळी कमिटी. म्हणजे पोलीस वेगळे, जज्ज वेगळे. 2021 पासून हे सगळं रेसिंग इंटिग्रिटी बोर्डाच्या छत्राखाली आहे.

आणि खरी गंमत इथून. कमिटी फक्त "आडवा आला का" एवढं बघत नाही. दोन प्रश्न असतात. एक, अडवलं का? दोन, अडवलं नसतं तर हा त्याच्या पुढं गेला असता का? दोन्हीला हो म्हटलं तरच पहिल्याला खाली घेतात, आणि तेही अगदी शेवटी नाही टाकत, ज्याला अडवलं त्याच्या बरोब्बर मागं बसवतात. नुसतं अडवलं, पण तसाही हरलाच असता, तर प्रोटेस्ट फेटाळला. मला हे इतकं चुकीचं वाटायचं! अडवलं ते अडवलं ना? तसाही हरला असता हे कुणी ठरवायचं? पण बघत बसलं की पटायला लागतं. किती लांब पिछाडीला पडला, त्यानंतर मोकळी वाट किती मिळाली, त्या मोकळ्या वाटेत अंतर कमी होत होतं की तेवढंच राहिलं, आणि शेवटी हरला किती फरकानं. हे सगळं फिल्ममध्ये मोजता येतं. दहा मिनिटांत निकाल.

गेल्या महिन्यातलं सांगते. 1980 मीटरची रेस, आणि पहिला बाप, दुसरा त्याचाच मुलगा. हो, सख्खा. शेवटच्या वळणानंतर बापाचा घोडा बाहेरच्या अंगाला सरकला, मुलाला घोडा खेचावा लागला, चाकाला चाक लागता लागता राहिलं, आणि बाप मान एवढ्या फरकानं जिंकला. मुलानं प्रोटेस्ट टाकला! मी थंड. आपल्याकडं मुलानं भर मैदानात बापावर तक्रार केली असती तर पोरगं आठवडाभर मामाच्या गावाला. इथं दोघं एकाच बाकड्यावर येऊन बसले. मुलगा म्हणाला, मला तीनचार ढांगा हात आखडावे लागले. बाप म्हणाला, "येआ, ना." (हे इथलं होकार आणि नकार एकत्र असलेलं उत्तर आहे, ऐकलं कबूल, पण मान्य नाही असा त्याचा अर्थ निघतो, मला लॅबमध्ये अजून कळत नाही की सॅम्पल पाहिजे की नको.) मग म्हणाला, सरकला माझा घोडा, नाही म्हणत नाही, पण त्यानंतर तुला शंभर मीटर मोकळे होते, एक इंच तरी जवळ आलास का? मला सांगितलं, ते शंभर मीटर परत दाखव. दाखवले. परत. तिसऱ्यांदा मुलगाच म्हणाला, राहू दे, बास.

कमिटीनं सगळ्यांना बाहेर काढलं. मला चहा आणायचा होता म्हणून मी पण दाराबाहेर, तर दोघं काय बोलतायत, उद्या सकाळी ट्रकला डिझेल कोण भरणार. खोटं नाही सांगत. आत बोलावलं, निकाल, प्रोटेस्ट फेटाळला, अडथळा झाला पण घोडा तसाही पुढं गेला नसता. आणि लगेच पुढच्या, वेगळ्या सुनावणीत बापाला निष्काळजी हाकल्याबद्दल दंड! म्हणजे चूक बापाची, दंड बापाला, आणि पहिला नंबरही बापाचाच. मी त्या सोडायला येणाऱ्या बाईंना विचारलं, मुलानं असं केलंच कसं. त्या माझ्याकडंच येड्यासारखं बघायला लागल्या. म्हणाल्या, घोडा त्याचा थोडाच आहे, मालकाचा आहे, मालकासाठी विचारणं त्याचं काम, नसतं विचारलं तर वाईट. इथं विचारणं म्हणजे भांडण नसतं, हे त्यांना समजावून सांगण्यासारखंच वाटत नाही.

पप्पा, यात तुम्ही आणि आबाकाका बांधावरून नऊ वर्षं बोलत नाही हे मी काढत नाहीये. बरं, काढलं. पण एवढंच.

विकीला मात्र सांगा की त्याचा सर्जा बैल इथं आला तर पास होईल. 2014 ला बैलगाडा शर्यतींवर बंदी आली तेव्हा बैल विकू नका म्हणून विकी जेवायचा बंद झालेला आठवतंय का? डिसेंबर 2021 ला कोर्टानं परत सोडल्या तर फटाके उडवत होता. तो म्हणतो आता मोठ्या मैदानात पण कॅमेरे लावतात, निकाल स्क्रीनवर बघतात. चांगलंय, पण पंचांभोवती रात्री नऊपर्यंत कोंडाळं करून उभं राहणारी पन्नास माणसं तेवढी घरी पाठवा.

आणि ही नोकरी बंद पडेल का अशी सोनीची काळजी होती, तर बंद कुत्र्यांच्या शर्यती करायचं सरकारनं 2024 च्या डिसेंबरात जाहीर केलं, घोड्यांचं तसं काही नाही. इथली न्यूझीलंड कपची घोड्यांची रेस 1904 पासून चालू आहे, नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, 3200 मीटर, अर्धं गाव टोप्या घालून येतं आणि संध्याकाळपर्यंत त्यातल्या निम्म्यांना टोपी कुठं गेली ते माहीत नसतं. मी लॅबमध्येच होते त्या दिवशी. शपथ.

आजीला हे वाचून दाखव आई. आजी, इथं कार्डिगन बे नावाचा एक घोडा होऊन गेला, त्याच्या एका बाजूचं खुब्याचं हाड अपघातात खचलं होतं, मागून बघितलं की एक बाजू खाली. संपला म्हणाले लोक. तो बरा होऊन अमेरिकेला गेला आणि 1968 ला, बारा वर्षांचा म्हातारा असताना, या जातीतला दहा लाख डॉलर कमावणारा पहिला घोडा झाला. इथं त्याचं पोस्टाचं तिकीट निघालंय. तर तू वॉकर कोपऱ्यात लावून त्याच्यावर टॉवेल वाळत घालतेस असं सोनी सांगते, ते बंद कर. तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी माझ्याकडं दुपार होती, मी 40 सॅम्पलवर लेबलं चिकटवत होते, सगळी चुकली, परत केली. तेव्हा मी "काही टेन्शन नाही, होईल सगळं" असं म्हणाले ना फोनवर, ते मी तुला नाही, मलाच म्हणत होते.

इथून पुढचं आजीला नको.

स्थळाचा बायोडेटा बघितला. मुलगा चांगला आहे, पुण्यात फ्लॅट आहे, सगळं आहे. नाही म्हणून सांगा. कारण विचारलं तर माझ्यावर ढकला, इथल्या कामाचं सांगा. आणि माझं कुणी इथं नाहीये, सोनीला मी तेच सांगितलंय, तिच्याकडून काढून घेऊ नका काही.

पण सोनीचं थांबवू नका. मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं नाही हे लोक काय म्हणतील म्हणून चाललंय, मला माहिताय. त्या विट्याच्या लोकांनी दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा पाठवणार नाहीत. तिला मुलगा पसंत आहे, तुम्हाला घर पसंत आहे, मधे फक्त मी आहे, आणि मी तर तिथं नाहीपण. तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त निघालेत. सुपारी फोडून टाका. मी लग्नाला येईन. सुपारीला नाही जमणार, नाताळात लॅब बंद असते पण तेव्हाच तिकीट सगळ्यात महाग, आणि ते पैसे लग्नाला लागतील, म्हणून तर शुक्रवारचं काम धरलंय. हे सांगायचं नव्हतं, पण आता जुगाराचं निघालंच आहे तर.

छाटणीनंतर पाऊस झाला म्हणे. डाऊनी रोग आला का बागेत? फोनवर पप्पा "ठीक आहे" म्हणतात तेव्हा मला आवाजावरून कळतं. फवारणीच्या औषधाला कमी पडत असेल तर आधी तेच करा, माझ्या एज्युकेशन लोनचा हप्ता मी बघते, तुम्ही बँकेत जाऊ नका.

आणि आई, तुळशी वृंदावनाच्या फोटोत रंग वेगळा दिसला. दरवर्षी मी पिवळ्यावर गेरू लावायचे. यंदा कुणी रंगवलं?

तुमची,
मनू

ता. क. आज 45 हजार टाकलेत. 30 आजीच्या फिजिओचे, 15 सोनीच्या साडीचे. फिजिओचे बागेत घालू नका पप्पा. पोचले की मेसेज करा, फोन नको, आत्ता तुमचे पाच वाजलेत म्हणजे माझे रात्रीचे साडेबारा, उद्या लवकर उठायचंय. केलात तरी चालेल.