रांग बाहेर, खोळंबा टेबलावर

संपादक महोदय,

शनिवार-रविवारी साडेदहा-अकराच्या सुमारास वस्तीतल्या एखाद्या चालत्या रेस्टॉरंटबाहेर नावे लिहून ताटकळणारी माणसे सारा दोष किचनला देतात. बऱ्याचदा खोळंबा होतो तो टेबलावर, आणि तोही कोणी काही खात नसताना. ब्रंचच्या वेळी रांगेत लहान मुले आणि वयस्कर मंडळीही असतात. त्यांचे विनाकारण तिष्ठणे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

समजा १६ टेबले आहेत. बसल्यापासून ऑर्डर देईपर्यंत १२ मिनिटे, पदार्थ यायला १८, खायला २२ आणि खाऊन झाल्यापासून टेबल पुसून पुन्हा मांडेपर्यंत १२, अशी एकूण ६४ मिनिटे झाली. म्हणजे सरासरी दर ४ मिनिटांनी एक टेबल सुटते. तुमच्यापुढे १० नावे असली तर ४० मिनिटे उभे राहावे लागणार. आता पहिली १२ आणि शेवटची १२ मिनिटे प्रत्येकी ४ वर आणा. एकूण ४८ होतात, टेबल दर ३ मिनिटांनी सुटते आणि तीच १० नावे अर्ध्या तासात आत जातात. यात खाणाऱ्याला एकही घास घाईने गिळावा लागत नाही. टेबलांची संख्या तीच ठेवून रांग कमी करायची तर टेबलावरचा वेळच कमी करावा लागतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांविषयीचा जो नियम गणिताने सिद्ध केला, त्यातूनही हेच निघते.

हे करायला फारसे काही लागत नाही. मेनू रांगेतल्यांच्या हातात द्यावा, म्हणजे बसताक्षणी ऑर्डर सांगता येते. शेवटची कॉफी देतानाच बिल तयार ठेवावे. पैसे वाटून द्यायचे असतील तर ते ऑर्डर देतानाच सांगावे. सगळे उठायच्या बेतात असताना एका बिलाची पाच बिले करायला लावली की वेटर त्या टेबलापाशी अडकतो आणि शेजारची दोन टेबले हात वर करून बसतात. ॲलर्जी असेल तर तीही आधीच सांगितली पाहिजे. ताटली समोर आल्यावर सांगितली तर तो पदार्थ पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, आणि वरचा नको असलेला जिन्नस काढून तीच ताटली परत आणणे धोक्याचे असते.

टेबले लवकर सुटू लागली की किचनवर मात्र ताण वाढतो: तासाला १५ ऐवजी २० टेबलांच्या ऑर्डरी. त्यात त्या एकदम आल्या तर सगळे कोलमडते. दार उघडताच सोळाही टेबले भरली की दहा मिनिटांत १६ ऑर्डरी तव्यावर आदळतात. ब्रंचचे बरेच पदार्थ आयत्या वेळीच करावे लागतात. पाण्यात सोडून शिजवलेले अंडे तीन-चार मिनिटांत होते, पण एका भांड्यात एका वेळी मोजकीच मावतात. शिवाय एका टेबलाचे सगळे पदार्थ एकत्र न्यायचे असतात, त्यामुळे सर्वांत सावकाश होणारा पदार्थ बाकीच्यांना थांबवून ठेवतो. कॉफीचेही तसेच. एस्प्रेसो उतरायला २५-३० सेकंद पुरतात, पण दूध वाफवणारा माणूस एकच असतो आणि सहा जणांच्या सहा तऱ्हा असतात. म्हणून जाणते व्यवस्थापक सुरुवातीला चार-चार टेबले पाच-सहा मिनिटांच्या अंतराने बसवतात. बाहेरच्यांना रिकामी टेबले दिसतात आणि राग येतो. पण सगळ्यांना एकदम बसवले, तर तोच वेळ आत बसून, भुकेल्या पोटी आणि रिकाम्या टेबलाकडे बघत काढावा लागतो. व्यवस्थापकाने हे कारण बाहेर येऊन सांगितले पाहिजे. न सांगता ताटकळत ठेवणे मला गैर वाटते. आणि ऐन गर्दीच्या दोन तासांत घरपोच ऑर्डरी बंद ठेवाव्यात. ती न दिसणारी रांग त्याच तव्यावर येते.

एका जागी मात्र वेळ वाचवू नये. अंड्याच्या बलकाचा हॉलंडेज सॉस फार तापला की फुटतो, म्हणून तो कोमट ठेवला जातो, आणि जंतू झपाट्याने वाढतात ते याच तापमानाला. तो थोडा-थोडा करावा आणि दोन तासांत संपला नाही तर टाकून द्यावा. बाकीचे गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत, मग बाहेर कितीही रांग असो.

रांगेतल्यांनी काउंटरवर 'किती वेळ लागेल?' एवढेच विचारू नये. 'आमच्याएवढ्याच माणसांची किती नावे पुढे आहेत?' असे विचारावे. दोघांचे टेबल सुटले तर मागच्या जोडप्याला आधी बोलावतात; त्यात वशिला नसतो. पाच जणांपैकी तिघेच आले असतील तर टेबलाचा आग्रह धरू नये, कारण उरलेले दोघे येईपर्यंत ऑर्डर जात नाही आणि तेवढा वेळ पाच खुर्च्या अडून राहतात. उशीर होणाऱ्यांनी काय हवे ते फोनवर कळवले आणि आलेल्यांनी त्यांच्या वतीने ऑर्डर दिली, तर एवढाही अडथळा राहत नाही.

आपला,
एक वाचक